बॉनेटवरचा हात

प्रिय ठिणगी,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझी आई आतल्या खोलीत उशांचे अभ्रे बदलते आहे आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, खिडकीकडे तोंड करून, तुझ्या शाळेच्या उरलेल्या वहीतली पानं फाडून लिहायला बसलो आहे. आजवर मी एकच पत्र लिहिलं होतं, लग्नाआधी तुझ्या आईला. त्यातला अर्धा मजकूर माझ्या मोटरसायकलच्या कार्बोरेटरबद्दल होता, हे ती अजून येईल-जाईल त्याला सांगते. या पत्रातही गाडी आहेच. परवा, शनिवारी, तू माझ्या हाताखाली तयार झालेल्या पॉलिशकडे त्या लाल पिकअपचा इसार द्यायला जाणार आहेस, आणि त्याच्या आत मला तुला काही सांगायचं आहे. ते सरळ सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून जरा वळणं घेत येतो. समोर असतीस तर 'अण्णा, मुद्द्यावर या' म्हणाली असतीस.

आधी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मी तुझ्या सासऱ्यांवर जळतो. हेवा म्हण, मत्सर म्हण, पोटदुखी म्हण, काय म्हणायचं ते म्हण. ते चांगले आहेत म्हणून तर जास्तच जळतो. वाईट असते तर माझी सोय झाली असती. चाळीस वर्षं भूमिती शिकवलेला माणूस. बोलणं हळू, कपड्यांना इस्त्री, चपला दाराबाहेर काढतील त्यासुद्धा एकमेकींना समांतर. लग्नानंतर पहिली दोन वर्षं तू त्यांना 'सर'च म्हणायचीस, सगळं गाव म्हणतं तसं. मग कधीतरी 'बाबा' म्हणायला लागलीस. मी मनाची समजूत घातली की आपण अण्णा आहोत, बाबाची जागा रिकामीच होती, तिथे कुणी बसलं तर आपलं काय जातं? पण बसमध्ये शेजारची सीट रिकामी असली तरी तिथे कुणी येऊन बसलं की आपण जरा आकसतोच ना, तसं झालं. एकदा जेवायच्या वेळी मी म्हणालो की लेकीला हल्ली दोन दोन बाप झालेत, तर तुझी आई ताटं मांडता मांडता म्हणाली, कुठेतरी जळल्याचा वास येतोय, आणि गॅस तर मी केव्हाच बंद केलाय.

तरी हे सगळं खपून गेलं असतं, पण तू गाडी घ्यायचं ठरवलंस. बरोबरच होतं ते. सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचं दुकान चालवायचं आणि प्रत्येक सोफा आणायला-पोचवायला भाड्याचा टेम्पो बोलवायचा, तो दोन तास उशिरा येणार, आणि त्याचा हमाल तू नुकतंच चढवलेल्या कापडावर चपलांसकट उभा राहणार, हे किती दिवस चालायचं? पाच वर्षं तू थोडंथोडं बाजूला टाकलंस. नव्या गाडीच्या ते आसपासही जात नव्हतं, एका जुन्या पण धडक्या पिकअपला जेमतेम पुरत होतं. चुकीची गाडी गळ्यात पडली तर दुरुस्तीला वेगळं काही उरणार नाही, आणि दुसरी घ्यायची म्हटलं तर आणखी पाच वर्षं तो टेम्पोवाला आणि त्याचा हमाल. म्हणजे नेम एकदाच धरायचा आणि तो लागलाच पाहिजे. अशा वेळी माणसाने कुणाला विचारावं? जिचा बाप अडतीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली झोपला, ज्याच्याकडे लोक दुसऱ्या गॅरेजमधून गाडी घेऊन नुसता आवाज ऐकवायला यायचे, ती पोरगी भूमितीच्या सरांना बरोबर घेऊन गाड्या बघत हिंडायला लागली. सोनाराच्या लेकीने बांगड्या शेजाऱ्याकडून घडवून घ्याव्यात तसं ते झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, हे तुला तेव्हा सांगितलं नाही, आता सांगतो.

आणि सर तरी कसे, तर हातात दोनशे पानी वही. पट्टीने रेघा मारून रकाने आखलेले. मी म्हटलं, उंटावरचा शहाणा, बघू काय दिवे लावतो. पण त्यांनी पहिला प्रश्न गाडीबद्दल विचारलाच नाही. त्यांनी तुला विचारलं की तू वाहणार काय? मग टेप घेऊन तुझ्या दुकानातला सगळ्यात मोठा सोफा मोजला आणि सांगितलं, तुझा माल जड नाही, लांब आहे. तुला ताकदीची गाडी नको, मोठ्या हौद्याची हवी. ठिणगी, अडतीस वर्षांत मी हा प्रश्न एकाही गिऱ्हाइकाला विचारला नव्हता. गाडी आली की मी सरळ बॉनेट उघडायचो. मग त्यांनी फ्रिजवरचं ते स्ट्रॉबेरीच्या आकाराचं लोहचुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि प्रत्येक गाडीच्या पत्र्यावरून फिरवायला लागले. जिथे चिकटणार नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली, म्हणजे गाडी कधीतरी ठोकलेली. दाढीचा आरसा गाडीखाली सरकवून चेसिसचा गंज बघायचे. टायर सगळीकडून सारखे झिजलेत का ते बोटांनी चाचपायचे. तू रोज संध्याकाळी आईला फोनवर सगळं सांगायचीस आणि आई मला ते पुन्हा मोठ्याने ऐकवायची. आज बाबांनी सिमेंट वाहिलेली गाडी नापास केली, आज बाबांनी मालक कागद दाखवायला टाळाटाळ करतो म्हणून गाडी न बघताच परत फिरवलं. सगळं बरोबर होतं, एकातही खोट काढायला जागा नव्हती. मी नुसता पेपर उलटापालटा करत बसायचो.

तू ठिणगी कशी झालीस ते तुला आठवत नसेल. तू चार वर्षांची. आई कामावर जायची त्या दिवसांत मी तुला गॅरेजमध्ये आणून जुन्या टायरांच्या चळतीवर बसवायचो. वेल्डिंग सुरू झालं की पोरं घाबरून डोळे मिटतात, तू टाळ्या पिटायचीस आणि 'ठिणगी आली, ठिणगी आली' म्हणायचीस. मग मी तुझं तोंड भिंतीकडे करून बसवायचो, तरी तुझी मान वळायचीच. पुढे जरा मोठी झाल्यावर मी तुला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे जुनी गाडी बघायला गेलं की मालकाशी बोलायच्या आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गार लागलं तर पुढचं बोलायचं. गरम लागलं तर समजायचं की आपण यायच्या आधी कुणीतरी गाडी चालू करून ठेवली होती, कारण गार इंजिन उठताना जे रडगाणं गातं ते आपल्या कानावर पडू द्यायचं नव्हतं. हात आधी, गप्पा नंतर. दुसरी गोष्ट माझा लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाला लावायची, की आतलं सगळं ऐकू येतं. पहिल्यांदा तू कान लावलास तेव्हा मी विचारलं, काय ऐकू येतंय? तू म्हणालीस, आत कुणीतरी खुर्ची ओढतंय. मी इंजिन खोललं तर बेअरिंग ढिलं झालेलं. सात वर्षांच्या पोरीने आजारी गाडी ओळखली हे मी पुढे आठवडाभर भेटेल त्याला सांगत होतो. ही विद्या माझी होती आणि ती मी फक्त तुला दिली होती, पॉलिशलासुद्धा अर्धीच दिली. त्यामुळे सरांच्या वहीत पहिल्याच ओळीवर, त्यांच्या त्या छापील अक्षरात, 'बॉनेटला हात लावून बघणे' हे वाचलं तेव्हा मला घरातली वस्तू शेजाऱ्याच्या कपाटात दिसावी तसं वाटलं. तूच सांगितलं असणार त्यांना. त्यात चूक काहीच नव्हती, तरी वाटलं.

ते वाचलं ते गेल्याच्या गेल्या रविवारी, काचवाल्याच्या अंगणात. तू म्हणालीस एक निळी पिकअप पसंत पडली आहे, अण्णा, तुम्ही चलाच. काचेच्या दुकानाचा म्हातारा मालक, अकरा वर्षं एकट्याने चालवलेली गाडी, आता दुकान आवरतोय म्हणून विकायला काढलेली. रंग उडालेला, एका दिव्याला तडा, मागे काचा उभ्या ठेवायची लाकडी चौकट तशीच. मी नाक मुरडून म्हटलं की हे भंगार कशाला? तेव्हा सर वहीतून मान वर न काढता म्हणाले, "जिने अकरा वर्षं काच वाहिली, ती खड्ड्यात कधी आपटली नसेल." अगं, काय बोलले ते. हे मला सुचायला हवं होतं, मेकॅनिक मी आहे. तू कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलंस. त्या नजरेवर तुझ्या लहानपणापासून माझा हक्क होता असं मी धरून चाललो होतो. मग तू म्हणालीस की बाबांनी बाकी सगळं बघितलंय, आता अण्णांनी फक्त आवाज ऐकायचा. तो 'फक्त' माझ्या डोक्यात गेला. काचवाल्याने गाडी चालू केली, सगळे गप्प उभे राहिले. मी स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. माझी ती ऐट तुला माहीत आहेच. डोळे उघडले आणि म्हणालो, "बेअरिंग बोलतंय. ही घेऊ नकोस." काचवाल्याचा चेहरा पडला. मला तर अकरा वर्षांत कधी ऐकू आलं नाही, म्हणाला, पण तुमच्या कानापुढे आम्ही कोण. त्याने बॉनेट आपटलं नाही, दोन्ही हातांनी काच ठेवावी तसं हळू खाली टेकवलं. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. आणि खरं सांगू? मला फार बरं वाटलं. परत येताना मी वाटभर शीळ घालत होतो म्हणे.

नुसता नाही म्हणून भागणार नव्हतं, म्हणून मग गेल्या रविवारी मीच तुम्हा दोघांना पॉलिशकडे घेऊन गेलो. पॉलिश दहा वर्षं माझ्या हाताखाली होता. गाडी दुरुस्त करण्यापेक्षा पुसण्यात त्याचा जीव जास्त, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. आता जुन्या गाड्यांचं मोठं आवार आहे त्याचं, रांगेत उभ्या गाड्या, प्रत्येकीच्या काचेवर पांढरी पाटी. म्हटलं, सरांची निळी झाली, आता लेकीला बापाच्या माणसाकडची मिळू दे. लाल पिकअप उन्हात अशी चमकत होती की डोळे दिपावेत. हौदा तुझ्या सोफ्याला वीतभर अपुरा पडत होता, तर मी म्हटलं सोफा तिरका ठेव. सरांचं चुंबक डाव्या दारावर टिकेना, घसरून खाली पडलं, तर मी म्हटलं स्ट्रॉबेरीच ती, तिच्यात जोर असून असून किती असणार? पॉलिश खो खो हसला, तूही हसलीस, सरसुद्धा हसले आणि चुंबक पुसून त्यांनी खिशात टाकलं. पॉलिश म्हणाला, उस्ताद, तुमच्या कानापासून मी काय लपवणार, तुम्हीच ऐका. मी पुन्हा डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि म्हणालो की शिलाई मशीनसारखी चालतेय, घेऊन टाक. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण मी जन्मभर इतरांच्या गाड्यांना लावत आलो.

पण त्याच्या आधी एक गोष्ट झाली होती, ती आपल्या दोघांनाच माहीत आहे. गाडीपाशी गेल्यावर, पॉलिशशी एक शब्द बोलायच्या आधी, तू बॉनेटवर हात ठेवलास. आणि चटकन उचललास. मग माझ्याकडे पाहिलंस. लहानपणी गणित सुटलं की तू उत्तर बोलून न दाखवता नुसती माझ्याकडे बघायचीस, तसंच. मी तुझी नजर चुकवली आणि वाकून टायर बघायला लागलो. टायरमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं. तू पुन्हा विचारलं नाहीस. अण्णा काही म्हणत नाहीत म्हणजे त्याला काहीतरी कारण असेल, असंच तुला वाटलं असणार. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. आईने दोनदा विचारलं की जेवण कमी का झालंय.

मंगळवारी दुपारी सर एकटेच आले. मी आपला खुर्चीत. ते समोर सोफ्यावर बसले नाहीत. माझ्या खुर्चीला वळसा घालून त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या उजव्या हाताला येऊन बसले. चहा घेतला, हवापाण्याचं बोलले, तुझं दुकान आता कसं मार्गाला लागलंय ते बोलले. लाल गाडीबद्दल चकार शब्द नाही. उठून गेले तेव्हा वही टेबलावरच होती. सरांसारखा माणूस वही विसरेल? ते पेन्सिलीचं टोपण विसरणार नाहीत. मी उघडली. सात गाड्या, प्रत्येकीला एक पान, प्रत्येक पानावर बावीस ओळी. एकवीस ओळींसमोर बरोबरची खूण नाहीतर फुली. बाविसावी ओळ 'इंजिनचा आवाज', आणि तिच्यापुढे सातही पानांवर एकच वाक्य: 'हे व्याह्यांचं काम.' मी ज्यांच्या नावाने बोटं मोडत होतो त्यांनी पहिल्या दिवसापासून माझी जागा आखून ठेवली होती, पट्टीने. लाल गाडीच्या पानावर सहा फुल्या होत्या. खाली लिहिलं होतं, 'व्याही घ्या म्हणतात. आपली शंका मागे.' माझ्या एका शब्दासाठी त्यांनी सहा फुल्या गिळल्या होत्या. तर मला काय वाटलं असेल? मला रागच आला. माणसाने इतकं चांगलं असायची काही गरज असते का?

आता वळणं संपली. तू सरांना आधी विचारलं नव्हतंस, ठिणगी. तू मला विचारलं होतंस, तीन वेळा. पहिल्यांदा मी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं, दुसऱ्यांदा म्हटलं वेळ नाही, तिसऱ्यांदा तर चिडूनच बोललो की गाडीची एवढी घाई कशाला. मी जागेवरून आपणहून उठलो आणि मग तिथे कोण बसलं म्हणून आदळआपट करत राहिलो. माझे गुडघे ठणठणीत आहेत. गॅरेजही मी गुडघ्यांमुळे बंद केलं नाही. मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. डावा कान जवळजवळ गेलाच आहे, उजव्याने दार लोटून घेतलेल्या खोलीतलं बोलणं यावं तेवढं येतं. डॉक्टर म्हणाले की कानाच्या आत तीन बारीक हाडं असतात, ती जाम झाली आहेत. अडतीस वर्षं दुसऱ्यांचे जाम झालेले नट सोडवले आणि स्वतःचेच अडकले. यंत्र लावा म्हणाले, मी नको म्हटलं. आई सोडून कुणाला सांगितलं नाही. ज्याच्या कानावर घर चाललं त्याने कान गेला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझा फोन आला की मी तो आईच्या हातात देतो, आणि अण्णांना माझ्याशी बोलायला वेळच नसतो असं तू म्हणतेस, हेही ती मला मोठ्याने सांगते. काचवाल्याच्या अंगणात मूठ कानाला लावली तेव्हा मला काहीही ऐकू आलं नाही. तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघत होतात. काहीतरी बोलणं भाग होतं, आणि तोंडावर आलं ते सरांची निवड मोडेल असंच आलं. पॉलिशकडेही ऐकू आलं नाही, आणि तिथे मी माझी निवड टिकेल असं बोललो. सरांना हे कुणी सांगितलेलं नाही. पण चाळीस वर्षं वर्गावर उभा राहिलेला माणूस तो. मागच्या बाकावरचं कोणतं पोर ऐकू येत नसताना मान डोलावतंय हे त्यांना ओळखता येत नसेल? म्हणून तर स्टूल उजवीकडे ओढलं.

वही वाचून झाल्यावर मी कालचा पूर्ण दिवस नुसता घालवला. मग आठवलं की डॉक्टरांनी तो वाजणारा लोखंडी चिमटा कानासमोर धरला तेव्हा मला कळला नव्हता, पण कानामागच्या हाडावर टेकवला तेव्हा लख्ख ऐकू आला होता. आतलं यंत्र शाबूत आहे, म्हणाले होते, वाट तेवढी बंद आहे. तर आज सकाळी सात वाजता मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत घालून काचवाल्याकडे गेलो. निळी अजून तिथेच उभी. का माहीत आहे? तुझ्यानंतर दोन गिऱ्हाइकं आली होती, दोघांनाही त्याने स्वतःहून सांगितलं की मोठ्या मेकॅनिकने बेअरिंग गेल्याचं सांगितलंय. दोघेही निघून गेले. आता भंगारात द्यावी का, असं तो मलाच विचारत होता. मी बॉनेटवर हात ठेवला. दगडासारखं गार. गाडी चालू करायला लावली, टोक इंजिनवर टेकवलं आणि लाकडी मूठ कानाला न लावता दातांत धरली. तीन वर्षांनी मला इंजिन ऐकू आलं, ठिणगी. जबड्यातून वर चढून थेट डोक्यात. मी चार ठिकाणी टेकवून पाहिलं, सहा ठिकाणी पाहिलं. आत कुणीही खुर्ची ओढत नव्हतं, सगळे आपापल्या जागी नीट बसलेले होते. काचवाला माझ्याकडे बघत राहिला, कारण एक म्हातारा दातांत स्क्रूड्रायव्हर धरून रडतोय हे काही रोज दिसत नाही. मी त्याला सगळं खरं सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने पाणी आणून दिलं आणि म्हणाला, हे मला सांगून काय उपयोग, लेकीला सांगा. तिथून पॉलिशचं आवार, तो यायच्या आधी. राखणदार मला ओळखतो, आणि चावी अजून त्याच जुन्या बिस्किटाच्या डब्यात असते, ही सवय पॉलिशला माझ्याच गॅरेजची. लाल गाडी गार होती या वेळी. चालू केली तर मागून निळा धूर, आणि मूठ दातांत धरली तर आत खुर्च्या ओढायचं थांबेचना, अख्खी लग्नाची पंगत उठल्यासारखी.

म्हणून हे पत्र. तोंडाने सांगितलं असतं तर तू काहीतरी बोलली असतीस, ते मला ऐकू आलं नसतं, मी नेहमीसारखी मान डोलावली असती आणि आणखी एक खोटं वाढलं असतं. टपालाचाही भरवसा नको, मी हे आत्ता स्वतः तुझ्या दुकानाच्या शटरखालून सरकवतो आहे, सरांच्या वहीसकट. निळ्या गाडीच्या पानावर बाविसाव्या ओळीसमोर, त्या 'व्याह्यांचं काम'च्या खाली, 'बेअरिंग गेले' असं सरांनी नंतर लिहिलं होतं ते मी खोडलं आहे आणि बरोबरची खूण केली आहे. जरा वाकडी आली, त्यांना चालवून घ्यायला सांग. लाल घेऊ नकोस. इसार काचवाल्याला दे, शनिवार दुपारपर्यंत तो गाडी कुणाला दाखवणार नाही. पॉलिशशी मी बोलेन, त्याला शिकवला मी आहे. आणि सोमवारी ती निळी घेऊन मला न्यायला ये, कानाच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, आता यंत्र लावतो. सरांना आणायचं असेल तर आण. पुढे तिघं मावतात. पण मधे मी बसणार, म्हणजे उजवा कान तुझ्याकडे राहील. सर माझ्या डावीकडे बसतील, त्यांचं एक अक्षर मला ऐकू येणार नाही, आणि तेवढं सुख तू मला दे, जळकेपणा एका पत्रात जात नसतो. निघायच्या आधी बॉनेटवर हात ठेव आणि माझ्याकडे बघ. या वेळी मी टायर बघणार नाही.

तुझाच, पहिला बाप,
अण्णा